आधी घरी सांग

परवा भुसावळ स्टेशनबाहेर टपरीवर तुझा फोन तीनदा वाजला, स्क्रीनवर 'पप्पा' आलं आणि तिन्ही वेळा तू फोन उलटा करून ठेवला. दुसऱ्या हातात सिगरेट होती, तिचं सोड, मला त्या उलट्या फोनचं जास्त लागलं.

इंजिनिअरिंगचं गणित, एम-थ्री राहिला, अजून दोन राहिले, इयर डाऊन झालं, म्हणजे वर्ष गेलं, हे तू मला पाच मिनिटांत सांगून मोकळा झाला. आणि घरी चार महिने 'रिझल्ट लागायचाय'?

अरे भो, मी पण हेच केलं. एक खोटं टिकवायला रोज नवीन खोटं, मग झोप येईना म्हणून रूमवर क्वार्टर. दारूने डोळा लागतो पण झोप मोडकी लागते, पहाटे तीनला टक्क जाग, हे डॉक्टरने मला लई उशिरा सांगितलं. सिगरेटचं निकोटिन १०-२० सेकंदात मेंदूत पोचतं, तासा-दोन तासात उतरतं आणि मग जी तगमग होते तिला आपण परीक्षेचं टेन्शन म्हणत बसतो. म्हणून आधी घरी सांग.

पप्पांना सहन होणार नाही म्हणतो? तुम्ही रावेरकडचे केळीवाले. मे महिन्यात वादळात निसवलेली, घड लागलेली बाग एका संध्याकाळी आडवी होते आणि तोच माणूस सकाळी बांधावर उभा राहून पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघतो. त्याला तुझे तीन बॅकलॉग झेपणार नाहीत? कमाल करतो यार.

माझी गोष्ट वेगळी होती. बापाने फीसाठी बैलजोडी विकलेली, मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? माझ्या जागी कोणीही असता तरी गप्पच बसला असता. तरी त्याला कळलंच, बाजारात, दुसऱ्याच्या तोंडून. मला एक शब्द बोलला नाही. पुढे सात वर्षांनी गेला, तोवर आमचं कापसाच्या भावाशिवाय दुसरं बोलणंच झालं नाही.

रात्री घालमेल झाली तर टपरीवर जाऊ नको, १४४१६ लाव, मनाच्या त्रासाची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. व्यसनाचं विचारायचं तर १४४४६. पण ते सगळं घरी सांगून झाल्यावर, किंवा सांगायची हिंमत येत नसेल तर आजच.

शनिवारी गाडी धर, फोनवर नको सांगू. जेवायच्या आधीच सांग, पोटात भाकर गेली की तू उद्यावर ढकलशील, मला माहितीये. सोबत यायला मी तयार आहे, ओट्यावर बसून राहीन. तोंड मात्र तूच उघडायचं.