संशोधनाने सिद्ध झालेल्या पद्धती बालवाडीत प्रत्यक्षात कशा आणायच्या?

ताई, तुम्ही लिहिलंय की प्रशिक्षणात ऐकलेलं वर्गात उतरत नाही. माझ्या वर्गात उतरलं होतं, संस्थेने बंद पाडलं. म्हणून लिहितेय.

एकच पद्धत सांगते, संवादी वाचनाची. १९८८ साली व्हाइटहर्स्ट या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना ती शिकवली. महिनाभरात ती मुलं इतरांपेक्षा लांब वाक्यं बोलू लागली. पुस्तक संपवायची घाई नाही. चित्रावर विचारायचं, थांबायचं, मूल बोलेल त्यात दोन शब्द घालून त्याला परत द्यायचं. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा घ्यायचं.

माझ्या छोट्या गटात एक मुलगा जूनपासून दिवाळीपर्यंत वर्गात चकार शब्द बोलला नव्हता. एकदा पाच जणांना घेऊन बसले होते. चित्रात टोपलीत बसलेली कोंबडी. विचारलं, “ही उठत का नाही?” कुणी म्हणालं दमली, कुणी म्हणालं ताप आलाय. मी गप्प राहिले. तेव्हा तो म्हणाला, “खुडूक हाय ती.” मी म्हटलं, “हो, खुडूक बसलीय, अंडी उबवतेय.” मग आजी अंडी कशी मांडते, जवळ गेलं की कोंबडी कशी टोचते, सगळं सांगत सुटला. बाकीची चौघं तोंडाकडे बघत बसली.

पुढच्याच आठवड्यात संस्थाचालक आले. वह्या कोऱ्या बघून म्हणाले, “गोष्टी काय, घरी आजीपण सांगते. पालक फी कशाची भरतात?” त्यानंतर साडेतीन वर्षांची पोरं मार्चपर्यंत ‘अ’ गिरवत बसली. तो मुलगा परत गप्प झाला. साहेब चुकले होते, मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. त्या बोटांना आधी कणीक मळायला, मणी ओवायला हवं. आणि साधनांच्या खर्चाचं कारण तर ऐकूच नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं ते गावात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंवरच.

एक मात्र खरं, मला मदतनीस होत्या. तुम्ही तीस मुलांत एकट्या असाल तर रोज पाचेक जणांचा एकच गट घ्या, बाकीची ठोकळ्यांत रमली असताना दहा मिनिटं. अंकांसाठी हे पुरणार नाही, त्याची पद्धत वेगळी.

आणि जूनपासूनच प्रत्येक मुलाचं एकेक वाक्य, जसं बोललं तसं, तारीख घालून वहीत लिहा. दिवाळीनंतर पुन्हा लिहा. संस्थाचालक आले की दोन्ही वाचून दाखवा. माझ्याकडे तेव्हा अशी वही नव्हती.