नवरंगाचे पुण्यातले सगेसोयरे

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला सिंहगडाच्या पायथ्याशी नवरंग दिसला. त्याच्या जवळच्या नात्यातले पक्षी पुण्यात कोणते? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : एकही नाही! बुलबुल, दयाळ, शिंजीर उत्क्रांतीच्या वेगळ्या शाखेतले. नवरंगाच्या शाखेतल्या बहुतेकांना शीळ शिकावी लागत नाही, उपजतच येते. या शाखेच्या हजाराहून अधिक जाती उत्तर-दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांत. तिथल्या एका माशीमार कुळातच ४०० च्या वर. भारतात मात्र फक्त नवरंगाचं कुळ आणि हिमालय-ईशान्येकडचे रुंद चोचीचे ब्रॉडबिल पक्षी.

पुन्हा शोधताना फांद्यांपेक्षा झाडाखालचा पाचोळा न्याहाळा : तोकडी शेपूट, बुडाशी लाल रंग, पहाटे दोन सुरांची शीळ. दमून अंगणात पडलेला सापडला, तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. लगेच वनखात्याला कळवा.