आजोबांची बंदूक घरात आहे आणि पोरगं गप्प गप्प राहतंय

"मॅडम, मामाजींची बंदूक आहे घरात, लायसन्सची आहे, पण मला रात्री झोप नाही लागत. बोलायला गेलं की सगळे म्हणतात, इतकी वर्षं काही झालं का?" समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न नागपुरात माझ्याकडे अधूनमधून येतोच. काटोल-नरखेडकडे संत्र्याचा बगीचा, रानडुकरांच्या त्रासापायी कधीकाळी घेतलेलं लायसन्स, मग कुटुंब शहरात येतं आणि बंदूकही सोबत येते. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सासरे सत्तरीचे. बारा बोअरची दुनळी, लोखंडी कपाटात कापडी खोळीत ठेवलेली, काडतुसं त्याच कपाटात वरच्या खणात मिठाईच्या डब्यात, आणि कपाटाची किल्ली म्हणे कोणालाच माहीत नाही अशा जागी. नातू अकरावीत, जेईईचा क्लास, मार्क घसरलेले, मित्रांकडे जाणं बंद, ताटातलं निम्मं तसंच. माझ्याकडे आलेल्या ताईंना, म्हणजे मुलाच्या आईला, भीती होती अपघाताची, मुलाबद्दल त्या "वयच आहे तसं" म्हणून पुढे गेल्या, मला मात्र या दोन गोष्टी एकाच घरात आहेत हेच जास्त टोचलं.

मुलाशी एकटीच बोलले. किल्लीचा विषय काढला तर तो अगदी सहज म्हणाला, "गणपतीच्या फोटोमागं खिळ्याला असते, सगळ्यांनाच माहीत आहे." दिवाळीच्या सुट्टीत दुपारी घरचे झोपले होते तेव्हा त्याने खोळ उघडून बघितलीही होती, काडतूस हातात घेऊन परत डब्यात ठेवलं होतं. यात हा मुलगा काही वेगळा नाही. अमेरिकेत अलाबामाच्या ग्रामीण भागात आईवडील आणि मुलांना वेगवेगळं विचारून केलेला एक अभ्यास २००६ मध्ये आला, त्यात 'बंदूक कुठे आहे ते मुलांना माहीत नाही' म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी उलटं सांगितलं. म्हणून लपवून ठेवलीय याला मी सुरक्षित ठेवलीय असं कधीच धरत नाही.

मग त्याला सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून ती मोकळी होतात. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "कधी कधी." जिवाचा प्रश्न असेल तर मी घरच्यांपासून लपवणार नाही हे त्याला सुरुवातीलाच सांगितलेलं होतं, त्यामुळे त्याच्या समोरच आईवडिलांना आणि आजोबांना आत बोलावलं.

आजोबा चिडले. "मॅडम, माह्या हातून आजपर्यंत एक चूक नाई झाली, अन् आमचं पोट्टं तसं नाई." मी म्हटलं, तुमच्या हाताबद्दल मला काही शंकाच नाही. पण जीव द्यायचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि जातो, तेवढा वेळ निभावला तर माणूस वाचतो, आणि बंदूक हाताशी असेल तर तो वेळच मिळत नाही, बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतले जवळजवळ नऊ जिवावर बेततात. मग विचारलं, मागच्या इलेक्शनला बंदूक ठाण्यात जमा केली होती ना? "केली होती ना." तेव्हा काही कमीपणा वाटला? "काऊन वाटंल, सगळेच करतात." मग नातवासाठी तशीच जमा करा ना, काही महिने. ते नातवाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मीच घेऊन जातो."

दुसऱ्याच दिवशी लायसन्स घेऊन ते स्वतः गेले, लायसन्सवाल्या शस्त्रविक्रेत्याकडे बंदूक आणि काडतुसं ठेवून पावती आणली. हे त्यांनीच करणं गरजेचं होतं. ताईंनी मला आधी विचारलं होतं की मीच गुपचूप उचलून माहेरी ठेवू का. अजिबात नाही, लायसन्स ज्याच्या नावावर त्याच्याशिवाय दुसऱ्याने ती जवळ बाळगणं हा आर्म्स ॲक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, मग तो घरचा का असेना.

मुलाला त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, क्लासचा लोड कमी केला, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करायला लावला, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो.

आता तो बराच सावरलाय, आणि आजोबांनी परवा विचारलं की बंदूक आणू का. घरात आणायचीच तर भिंतीत बोल्टने बसवलेली लोखंडी पेटी हवी, बंदूक रिकामी, नळी उघडून दोनदा बघितलेली, चापाला लॉक, काडतुसं दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या आजोबांच्या करदोड्याला, फोटोमागं नाही. पण मुलाची बारावी होईपर्यंत तरी ती विक्रेत्याकडेच राहू द्या, असं मी स्पष्ट सांगितलं. आजोबा म्हणाले, "राहू द्या मग, पोट्ट्यापेक्षा मोठी हाय का ते."