इस्रायलचं तंत्र आपल्या काळ्या रानात चालेल का?

प्रश्न : वरुड तालुक्यात आमची बारा वर्षांची संत्र्याची बाग आहे. विहिरीचं पाणी दरवर्षी खाली जातंय आणि झाडांना डिंक्याही (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागलाय. गावातले काही जण नागपूरचं इंडो-इस्रायल केंद्र पाहून आले. पण इस्रायल वाळवंटी मुलूख, आमचं रान भारी काळं. तिथलं तंत्र इथं उपयोगी पडेल का? – एक बागायतदार, जि. अमरावती

उत्तर : पडेल, पण जसंच्या तसं नाही. भारत-इस्रायल शेती सहकार्याचा करार २००६ साली झाला आणि त्यातून पीकवार केंद्रं उभी राहिली. आपल्याकडे दापोलीला हापूस, राहुरीला डाळिंब, छत्रपती संभाजीनगरला केसर आणि नागपूरला लिंबूवर्गीय फळं. जोड चांगली आहे. सल्ला त्यांचा, झाडं आणि माती आपली.

१९६५ साली इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात, हात्झेरिमच्या किबुत्झमध्ये (सामुदायिक शेतीच्या वसाहतीत) ठिबकच्या नळ्या बनवणारी कंपनी स्थापन झाली. वाळूत पाणी सरळ खाली उतरतं, म्हणून तिथं थोडं थोडं आणि वारंवार द्यावं लागतं. काळ्या मातीत ते आडवं पसरतं आणि बरेच दिवस टिकून राहतं. त्यांचं वेळापत्रक उचलून रोज ठिबक चालवलं, तर मुळांना हवाच मिळणार नाही. तुमचं पाणी आणि तुमचा डिंक्या, दोन्हींची गाठ इथंच आहे. डिंक्याची बुरशी ओलीत वाढते, त्यामुळे जास्तीचं पाणी विहीरही रिकामी करतं आणि झाडही मारतं.

नागपूरच्या केंद्रात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो गादीवाफा. झाड उंचावर, नळी दोन्ही बाजूंना आणि खोड कोरडं. नवी लागवड करणाऱ्यानं हे जरूर करावं. ६ × ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात, ६ × ३ वर ५५५. पण इतक्या दाट बागेत दरवर्षी छाटणी करायची तयारी हवी. ती नसेल तर दाट लागवडीच्या नादी लागू नका.

तुमची बाग बारा वर्षांची, तिथं गादी करायची म्हणून खोडाला माती मुळीच लावू नका. कलमाचा जोड मातीत गेला की रोगाला आवतणच. उलट जोड उघडा करा. नळी खोडापासून दूर, पानांच्या घेराच्या कडेला सरकवा. ओळींमधून उताराच्या दिशेनं चर काढा, म्हणजे पावसाचं पाणी बागेत थांबणार नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

ठिबक सुरू करण्याआधी घेराखाली वीतभर खणा आणि मूठभर माती दाबून पाहा. चिकट गोळा होऊन बोटांना लागत असेल तर त्या दिवशी कॉक उघडू नका. गोळा दाबल्यावर भुगा झाला तर द्या. आंबिया बहराच्या ताणात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतलं फूल एकदम यावं म्हणून आधी पाणी तोडतात त्या काळात, मात्र ठिबक पूर्ण बंदच हवं. ‘जीव जगण्यापुरतं’ म्हणून दिलेल्या थोड्याशा पाण्यानंही ताण बसत नाही आणि मग फूल विखरून येतं.

केंद्र बघायला स्वतः जा, आणि पावसाळ्यात जा. जोराच्या सरीनंतर गादीवरून पाणी कसं निघून जातं, ते तेव्हाच दिसेल.