फ्रेंच शिकायला फ्रेंच घरात: वाचकांचे प्रश्न

फ्रान्समधल्या भाषाशाळेत शिकायचं आणि एखाद्या फ्रेंच कुटुंबात राहायचं, अशा बेतात असलेल्या वाचकांचे हे प्रश्न. पत्रं मोठी होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

माझी ए१ पातळी, म्हणजे फ्रेंचची पहिली पायरी, नुकतीच पूर्ण झाली आहे. तीन आठवडे फ्रान्समध्ये कुटुंबात राहून शिकायचा विचार आहे. लगेच जावं का? (पुणे)

ए२, म्हणजे पुढची पातळी, करा, मग जा. रात्रीच्या जेवणाला बसलं की घरचे पहिला प्रश्न विचारतात, ‘आज दिवसभर काय केलंस?’ त्याचं उत्तर भूतकाळात द्यावं लागतं आणि फ्रेंचमधले दोन्ही नेहमीचे भूतकाळ, पासे काँपोझे आणि ॲंपार्फे, नीट बसतात ते ए२मध्ये. ए१वर गेलेला विद्यार्थी दोन वाक्यांत संपतो. मग घरचे दया येऊन इंग्रजीत बोलू लागतात आणि एकदा लागलेली ती सवय शेवटच्या दिवसापर्यंत मोडत नाही. ए१ ते ए२ हे अंतर साधारण शंभर तासांच्या वर्गाचं आहे. पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत ते घरी राहून कापता येतं. त्यासाठी युरो खर्च करू नका.

जमलं तर तीनऐवजी चार आठवडे ठेवा. पहिला आठवडा कान तयार होण्यातच जातो. वर्गात ‘झ न से पा’ (मला माहीत नाही) शिकलेलं असतं आणि घरात ऐकू येतं ‘शे पा’. कोर्स आठवड्याला वीस तासांचा पुरे. तीस तासांचा घेणारे संध्याकाळी इतके थकून येतात की जेवणाच्या टेबलावर गप्प बसतात, आणि घरात राहण्याचे पैसे तर त्या टेबलासाठीच मोजलेले असतात.

पॅरिसपेक्षा लहान शहर निवडा. तूर शहरात १९१२ पासूनची ॲंस्तित्यू द तूरेन ही भाषाशाळा आहे, विशी शहरात १९६४ पासूनची काव्हिलाम ही शाळा आहे. ब्झाँसोंमध्ये विद्यापीठाचं भाषाकेंद्र आहे. शाळा कोणतीही असो, तिच्याकडे ‘कालिते एफएलई’ हे परदेशीयांना फ्रेंच शिकवणाऱ्या शाळांसाठीचं फ्रेंच सरकारचं मानांकन आहे का, ते आधी बघा. जुलै-ऑगस्टमध्ये बरीच फ्रेंच कुटुंबं स्वतःच सुट्टीवर जातात आणि शाळा परदेशी मुलांनी भरून जातात. मे महिन्यात १ आणि ८ तारखेची सुट्टी असते, शिवाय बहुतेक वर्षी असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवारही मेमध्येच येतो, आणि बुडालेले तास भरून मिळतीलच असं नाही. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. मुलीची तिथे आबाळ होईल का? (सांगली)

आधी नीट कळवलं तर होणार नाही. अडचण शब्दाची आहे. अर्जात नुसतं ‘व्हेजेतारियाँ’ लिहिलं की मासे आणि अंडी चालतात असं बऱ्याच घरांत धरलं जातं. म्हणून सगळं फोडून लिहा: मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, मांसाच्या पाण्यात शिजवलेलं सूपही नाही. आणि लगेच पुढे काय चालतं तेही लिहा: दूध, दही, लोणी, मसूर, छोले, भात, पास्ता, सगळ्या भाज्या. नकारांची यादी वाचून यजमानीण घाबरते, होकारांची वाचली की तिला स्वयंपाक सुचतो. ल प्वी भागातली हिरवी मसूर जवळजवळ प्रत्येक फ्रेंच दुकानात मिळते, तिचं नाव आवर्जून घाला.

फसवतात त्या जागा अशा. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, म्हणजे ‘लार्दों’, असतात. कीश, क्रेप, केक, चॉकलेट मूस या सगळ्यांत अंडं असतं, क्र्वासाँवर वरून अंड्याचा हात फिरवतात. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं. काँते आणि रोकफोर त्यातलेच. ते चालतं की नाही, हे मुलीने भारतातून निघण्याआधी ठरवावं, कारण जेवणाच्या शेवटी चीजचं ताट हमखास पुढे येतं. ब्रेडची मात्र काळजी नको. ‘त्रादिस्यों’ म्हणून विकला जाणारा ‘बागेत’ हा लांब पाव १९९३ च्या सरकारी नियमाप्रमाणे पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण यांचाच करतात, फार तर किंचित बाकला, सोया किंवा माल्टचं पीठ घालतात.

राहण्याचा प्रकार ‘देमी-पाँसिओं’ घ्या, म्हणजे सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण घरी. न्याहारी म्हणजे ब्रेड, लोणी, जॅम आणि कॉफी, एवढीच. दुपारचं जेवण बाहेर. सोबत मेतकूट, पोहे, सुकी चटणी, कोरडे मसाले द्या. तूप, पेढे, खवा, पनीर देऊ नका: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही राहू द्या, तो वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही.

मुलगी चार महिने जाणार आहे. आधी तीन महिन्यांचा व्हिसा काढून तिथेच वाढवता येईल का? आणि ती व तिची मैत्रीण एकाच घरात राहिल्या तर आम्हाला धीर येईल. (ठाणे)

व्हिसा तसा वाढवून मिळत नाही. शेंगेनचा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, अल्पकालीन व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. ते संपले की परत यावं लागतं आणि नवा अर्ज भारतातूनच करावा लागतो. चार महिन्यांसाठी सुरुवातीपासूनच विद्यार्थ्यांचा दीर्घकालीन व्हिसा काढा. त्याची वाट आधी कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेचा ऑनलाइन अर्ज आणि मुलाखत, मग व्हिसाचे अर्ज स्वीकारणारं व्हीएफएस केंद्र अशी आहे. महिन्याला ६१५ युरो खर्चाची तयारी दाखवणं हा त्यातला नेहमीचा दंडक. व्हिसावर तशी अट असेल तर तो फ्रान्समध्ये पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो. पुष्कळजण हे विसरतात आणि मग सुट्टीत शेजारच्या देशात जाऊन परत येताना अडकतात. अल्पकालीन व्हिसाला निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

मैत्रिणीबद्दल आमचं मत ठाम आहे: एका घरात दोघी नकोत. शहर एक असू दे, शाळा एक असू दे, घरं वेगळी. एका घरात राहिल्या तर मराठीच बोलतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

घरात वावरताना कोणत्या चुका होतात? (नागपूर)

पाण्याच्या. बऱ्याच घरांत गरम पाणी रात्री स्वस्त विजेवर टाकीत तापवून ठेवलेलं असतं. तुम्ही वीस मिनिटं शॉवर घेतलात की नंतरच्या माणसाला गार पाणी. पाच ते सात मिनिटांत आटपा. न्हाणीघरात टबाबाहेरच्या जमिनीला मोरी नसते. तिथे सांडलेलं पाणी फरशीखाली मुरून खालच्या मजल्याच्या छतापर्यंत पोचतं. संडास बहुधा वेगळ्या खोलीत आणि कोरडा असतो. पाण्याची सवय असेल तर लहान बाटली न्या, पण जमीन ओली करू नका.

हिवाळ्यात घर १९ अंशांच्या आसपास ठेवतात. घरात घालायचा स्वेटर न्या, हीटर स्वतःहून वाढवू नका. कपडे आठवड्यातून एकदा मशीनला लावायला मिळतात. स्वयंपाकघर वापरायला मिळतं का, हे पहिल्याच दिवशी विचारा. मिळालं तरी फोडणी टाळा, हिंग-मोहरीचा वास पडद्यांत दोन दिवस राहतो. शेगडी इंडक्शनची असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही.

घरात कुणीही समोर आलं की ‘बाँझूर’ म्हणा, संध्याकाळी ‘बाँस्वार’. न बोलता जवळून जाणं तिथे फार खटकतं. यजमानांना सुरुवातीला ‘व्हू’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणा. ‘त्यू’वर, म्हणजे ‘तू’वर, यायचं आमंत्रण त्यांच्याकडून येईल. मराठी माणसाला हे जड जाऊ नये, आपल्याकडेही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायला थोरांची परवानगी लागतेच.

जेवताना सगळे एकदम आणि भराभर बोलतात. मला काही कळत नाही, मी नुसती हसते. (तूर, मूळ रत्नागिरी)

हसून वेळ मारून नेलीत तर त्यांना वाटतं तुम्हाला सगळं कळतंय, आणि ते आणखी भरभर बोलतात. पाच माणसांच्या गप्पांत शिरणं ए२च्या दोन पायऱ्या वरच्या बी२ पातळीलाही कठीण असतं, म्हणून तिथून सुरुवातच करू नका. स्वयंपाक चालू असताना स्वयंपाकघरात जा, भाजी चिरायला घ्या. तिथे एकच माणूस बोलत असतं, हाताशी वस्तू असतात, तेच शब्द रोज परत येतात. ‘हे कसं करतात?’ हा एक प्रश्न रोज विचारा. उत्तरात क्रियापदांची रांगच लागते.

टेबलावर येण्याआधी दुपारीच तीन वाक्यं तयार ठेवा आणि पहिल्या पाच मिनिटांत बोलून टाका. पुढचं संभाषण तुमच्या विषयावर वळतं आणि तो तुम्हाला ओळखीचा असतो. यजमानांना सांगा की माझी एकच चूक दुरुस्त करा. या आठवड्यात नामांचं लिंग, पुढच्या आठवड्यात भूतकाळ. सगळंच सुधारा म्हटलं तर तेही कंटाळतात आणि तुमची जीभही अडखळते. उच्चारात आपला मुख्य घोटाळा ‘त्यू’मधल्या स्वराचा असतो: जीभ ‘ई’च्या जागी ठेवा आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. अनुनासिकाच्या शेवटी ‘न’ किंवा ‘म’ ऐकू येऊ देऊ नका. ‘बों’ म्हणताना जीभ टाळूला लागली तर ते चुकलं.

घर पटलं नाही तर बदलून मिळतं का? (कोल्हापूर)

मिळतं, पण आठवडाभर सोसून मग रडत सांगू नका. पहिल्या तीन दिवसांत शाळेच्या निवास विभागात जाऊन नेमकं कारण लिहून द्या: अंतर जास्त आहे, रात्रीचं जेवण ठरल्याप्रमाणे मिळत नाही, खोलीचं दार लागत नाही, घरात सगळे इंग्रजीच बोलतात. ‘करमत नाही’ एवढ्यावर घर बदलत नाहीत.