जिल्हा परिषद शाळांची सूत्रे हाती घेणाऱ्या अधिकाऱ्याने पहिल्या वर्षी कशाला प्राधान्य द्यावे?

आपली निवड महाराष्ट्र शिक्षण सेवेत झाली आहे असे आपण प्रश्नात लिहिले आहे, म्हणून मराठवाड्यातील एका डोंगराळ तालुक्यातून केंद्रप्रमुख (म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारा) या पदावरून निवृत्त झालेला माणूस या नात्याने स्पष्टच सांगतो. पहिले प्राधान्य हंगामी वसतिगृहांच्या मंजुरीच्या तारखांना द्या. डिजिटल वर्ग, बोलक्या भिंती आणि कार्यशाळा यांचे नंतर पाहता येईल.

आमच्या केंद्रातील बहुतेक पालक ऊसतोडीला जात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, पावसाळ्यातच घेतलेली असे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातील कारखान्यांकडे निघत आणि गाळप संपेपर्यंत परतत नसत. मुलांनी गावातच आजी-आजोबांजवळ राहून शाळा करावी आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीने करावी, यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. योजना उत्तम आहे. परंतु प्रस्ताव, पडताळणी, त्रुटी आणि फेरप्रस्ताव असे करता करता आमच्याकडे मंजुरी पोहोचे ती डिसेंबर उलटल्यावर. ज्या मुलांसाठी ती मागितलेली असे, ती तोवर उसाच्या फडात कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहायला गेलेली असत.

एका वर्षी मासिक आढावा बैठकीत मी हा विषय काढला. त्या दिवशी विषयपत्रिकेवर पहिला विषय होता तो रंगरंगोटीची छायाचित्रे वेळेत न पाठवणाऱ्या शाळांचा. ‘विषयाला धरून बोला,’ असे तेव्हाच्या साहेबांनी मला सुनावले. मी खाली बसलो. परंतु त्याच आठवड्यात आमच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीने ठराव केला, किराणा दुकानदाराने उधारीवर धान्य दिले, गावातल्या बायकांनी स्वयंपाक हाती घेतला आणि टोळ्या निघाल्या तेव्हा बरीच मुले गावात राहिली. त्यांत मुलीही राहिल्या, याचे मला आजही अधिक समाधान आहे, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून आधी मुलीलाच सोबत नेले जाते.

मंजुरी नेहमीप्रमाणे उशिरा आली आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की मंजुरीपूर्व खर्च अमान्य आहे. मुख्याध्यापकांना वसुलीची नोटीस आली. मुलांची हजेरी जोडून मी सविस्तर खुलासा पाठवला, त्याला उत्तर आले नाही. दुकानदाराची उधारी शेवटी गावाने वर्गणी काढून फेडली. नियम मोडून चांगले काम होत नसते, असे साहेबांनी मला नंतर ऐकवले. शिक्षण हक्क कायदा 2009 चे कलम 9 त्यांनी वाचले असते तर तसे म्हणाले नसते. आपल्या हद्दीतील प्रत्येक बालकाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता यांची खात्री करणे हे त्या कलमानुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाचा उल्लेख त्यात वेगळा केलेला आहे.

बाकीचे थोडक्यात लिहितो. केंद्रप्रमुखांची पदे रिक्त ठेवून गुणवत्तेच्या गप्पा मारू नका. त्याच कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. त्यापलीकडची कामे इतर विभागांकडून येतील ती लेखी नाकारा. कार्यालयात बसून छायाचित्रे मोजणारा अधिकारी शाळेच्या काहीही उपयोगाचा नसतो, असे माझे ठाम मत आहे.

हेही खरे की आपले हात बरेच बांधलेले असतील. शिक्षक भरती पवित्र पोर्टलवरून होते, बदल्या ऑनलाइन होतात आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेचा निधी वरून येईल तेव्हाच येतो. शिवाय जिथे स्थलांतर नाही, उदाहरणार्थ घटत्या पटाच्या कोकणात, तिथला पहिला प्रश्न वेगळा असेल. त्याबद्दल तिथल्या माणसाला विचारावे.

परंतु आपला जिल्हा ऊसतोडीचा असेल, तर स्थलांतराचे सर्वेक्षण जुलैत संपवा आणि ज्यांना पालक तरीही नेतील त्या मुलांच्या हाती निघण्यापूर्वी शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे ते दाखवून त्यांना तिकडच्या शाळेत बसता येईल. वसतिगृहाचा खर्च समितीच्या ठरावाच्या तारखेपासून ग्राह्य धरावा, असे पत्र मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीने ऑगस्टमध्येच काढून घ्या. लेखा विभाग हरकत घेईल, तेव्हा कलम 9 त्यांच्यापुढे ठेवा आणि ठरावाआधी झालेला खर्च मात्र खरोखर अमान्य करा.