युद्धातून वाचलेल्या मुलांवर किशोरकादंबरी लिहायची आहे. महाराष्ट्राशी जोडलेला एखादा खरा विषय आहे का?

आहे, आणि तो कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाचा आहे. तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि तिच्यात बहुतांशी स्त्रिया व मुलेच होती. १९४० च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत पोलिसांनी आपल्या ताब्यातल्या पूर्व पोलंडमधली कुटुंबे रातोरात उठवून मालगाडीच्या डब्यांत कोंबली आणि सायबेरियासारख्या भागांत मजुरीला जुंपली. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर त्यांतली अनेक मुले, काही तर आईवडिलांना वाटेतच गमावून, मध्य आशिया व इराणमार्गे भारतात पोहोचली.

प्रवास थरारक आहेच, पण लेखकाचा कस छावणीतच लागेल, असे मला वाटते. पोलिश शाळा, चर्च, स्काउट पथक असे सारे तेथे होते. तरीही भरल्या पोटी उशीखाली पाव लपवणारे मूल रंगवता आले, तर वाचकाला युद्ध वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय युद्ध संपल्यावर त्यांची मूळ गावे सोव्हिएत संघातच राहिली, म्हणून अनेकांना घरी परतताच आले नाही.

नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी पोलिश मुलांना आश्रय दिलेली जामनगरजवळची बालाचडी छावणी मात्र निराळी. या दोहोंची सरमिसळ करू नये.